काय पाजलंस तिला?

भूपालअण्णांच्या गॅरेजात जुनी मोटारसायकल नेली की त्यांचा हात आधी पान्याकडे जात नसे. ते टाकीचं झाकण उघडत, नाक जवळ नेत आणि विचारत, "काय पाजलंस तिला?" मग काचेच्या एका उभ्या बाटलीत थोडं पेट्रोल काढत, त्यात बुचभर पाणी घालत आणि बाटली हलवून फळीवर ठेवत. पाणी तळाला बसे, पण घातलं होतं त्याहून जास्त दिसू लागे. "हे वाढलेलं बघ. एवढं इथेनॉल पाण्यासंगं खाली आलं," असं म्हणत ते नखाने रेघ दाखवत. त्यानंतर गाडीशी बोलणं सुरू होई, आणि ते कानडीत. "एनवा, एनाग्यैती?" म्हणजे, काय गं बाई, काय झालंय तुला? माणसांशी मराठी आणि इंजिनाशी कानडी, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती.

अण्णा मूळचे सदलग्याचे, जैन शेतकरी घरातले. धाकट्या भावाने ऊस सांभाळला आणि हे तरुणपणीच बेळगावला येऊन उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत गॅरेज टाकून बसले. मी सांबऱ्याचा, उद्यमबागेतल्याच एका फाउंड्रीत मापं तपासायच्या कामाला. माझी शंभर सीसीची गाडी माझ्या लग्नाआधीची. ती चढाला गुदमरायला लागली तेव्हा मी पंपावरचं सगळ्यात महागडं पेट्रोल भरायला सुरुवात केली. जुन्या गाडीला त्याने ताकद येते, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तरी गाडी गुदमरतच राहिली आणि मी पहिल्यांदा अण्णांकडे गेलो.

"म्हाताऱ्याला बदाम चारलं म्हणून त्यो तालमीत उतरतोय व्हय रं?" ते म्हणाले. "ते महागाचं पेट्रोल जादा दाबाच्या इंजिनासाठी असतंय. हिचा दाब तो केवढा? हिला साधंच घाल. फकस्त गर्दीच्या पंपावर भर, तिथलं ताजं असतंय. आणि महिनाभर उभी करून ठेवू नको. आताचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतंय, टाकी आतनं गंजती." मग त्यांनी कार्बोरेटर उघडला आणि फुगून वेडावाकडा झालेला एक रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. "दुखणं हितं हाय. जुन्या रबराला ह्ये नवं पेट्रोल सोसत न्हाय. पेट्रोल तर बदलता येत न्हाय आपल्याला, मग रबर बदलायचं."

गॅरेजासमोरच्या चहाच्या गाड्यावर या विषयाचे वाद रोज रंगत. सीमेपलीकडे, कागलच्या बाजूला शुद्ध पेट्रोल मिळतं, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. अण्णांनी वाद घातला नाही. कागलला जाणाऱ्या एका गिऱ्हाईकाकडून त्यांनी तिकडचं आणि इकडचं असं दोन्ही पेट्रोल मागवलं आणि सगळ्यांसमोर पाणी घालून ठेवलं. दोन्ही रेघा सारख्याच आल्या. "भांडायचं असंल तर दुसरं कायतरी हुडका," अण्णा म्हणाले. कुणी इथेनॉलला शिव्या घातल्या तर ते हसत. "आमच्याच भावाचा ऊस त्यो. कारखान्याला घालतोय त्यो, आणि गाड्या दुरुस्त करतोय मी."

असा हा माणूस, आणि त्याच्याच हातून ती चूक झाली.

मारुती आमच्या फाउंड्रीत साचे भरायच्या कामाला होता, खानापूरकडचा. एका सकाळी तो फाटकाशी पोचला आणि त्याच्या गाडीने टाकीखालून एकदम पेट घेतला. आम्ही साच्याची वाळू घमेल्यांनी मारून आग विझवली, पण तोवर त्याची डावी पोटरी गुडघ्यापर्यंत भाजली होती. त्याला दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत अख्ख्या उद्यमबागेत एकच बोलणं झालं: नव्या पेट्रोलने गाडी पेटली.

संध्याकाळी अण्णा फाटकाशी आले, त्या जळक्या गाडीपाशी उकिडवे बसले आणि टाकीखालचा उरलेला पाईपचा तुकडा त्यांनी काढून घेतला. बोटांनी दाबला. तो मऊ पडला होता, कडेला चिरला होता. मी शेजारीच उभा होतो.

"ह्यो मीच घातलाय. दोन म्हैन्यांमागं," ते म्हणाले. "जुन्या गुंडाळीतला."

आमचा फोरमन हळूच म्हणाला, "अण्णा, गप बसा. सगळी पेट्रोललाच बोलायल्यात. जाऊ दे तिकडंच."

अण्णांनी मान वर केली. "पेट्रोल बदललंय ह्ये मारुतीला ठावं नव्हतं. मला ठावं हुतं. गावाला श्यानपण शिकवत बसलो आणि गुंडाळी संपवायची म्हणून त्योच पाईप वापरला. पेट्रोलची चूक कशी म्हणू?"

तो तुकडा घेऊन ते तसेच दवाखान्यात गेले. मीही गेलो. मारुतीच्या बायकोला त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ती म्हणाली, "तुम्ही जावा हितनं." ते खाली मान घालून बाहेर आले. पण रोज जात राहिले, पायरीवर बसून परत येत. पाचव्या दिवशी मारुतीनेच त्यांना आत बोलावलं. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक.

मग अण्णांनी गॅरेजाला कुलूप लावलं. त्या गुंडाळीतला पाईप ज्या ज्या गाडीला घातला होता, त्या सगळ्या त्यांच्या डोक्यात होत्या. बसने आणि पायी हिंडून ते एकेक गाडी गाठू लागले. दोन सुट्ट्यांना मी त्यांना माझ्या गाडीवरून नेलं. दारात उभं राहून ते एकच वाक्य म्हणत, "माझ्याकडनं चुकीचा पाईप घातला गेलाय, बदलून देतो." कुणी चहा दिला, कुणी तोंडावर सुनावलं. बाळेकुंद्रीत एका घरी गाडीचा मालकच वारला होता. गाडी गोठ्याच्या भिंतीला टेकून धूळ खात होती. त्याची म्हातारी म्हणाली, "आता कोण चालवतंय ती? ऱ्हाऊ दे." अण्णांनी तरी पाईप बदलला. "कोण तरी एक दिवस किक मारणारच, आक्का," ते म्हणाले.

मारुती बरा झाला, नवी गाडी घेतली, पण अण्णांकडे परत कधी आला नाही. मी एकदा तो विषय काढला तेव्हा अण्णा म्हणाले, "न्हाय आला त्येच बरं. माझ्याकडं आला असता तर मला वाटलं असतं, सगळं फिटलं."

चार वर्षांपूर्वी छातीचं दुखणं वाढलं आणि अण्णा गॅरेज बंद करून सदलग्याला भावाकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसले होते. पार वाळले होते. माझी गाडी थांबताच त्यांनी खालचा पाईप बघितला आणि नवा आणायला पुतण्याला आत पाठवलं.

"माझं हात हलतात. तू घाल."

"अण्णा, मी कधी पान्याला हात लावलेला न्हाय."

"मग आज लाव की. मी किती दिवस पुरणार हाय?"

त्यांनी खुर्चीवरून एकेक गोष्ट सांगितली आणि मी घामाघूम होत केली. टाकीचा नळ बंद कर. क्लिप दाबून सरकव. पाईप पिळू नको, सरळ ओढ. काम झालं आणि मी किक मारायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"धा मिनिटं थांब. नळ सोड आणि बस हितं. नुसतं बघ, कुठं ओलं येतंय का."

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या वीतभर पाईपकडे बघत बसलो. पाईप कोरडाच राहिला, तरी त्यांनी मला दोन्ही टोकांना बोट फिरवायला लावलं आणि ते बोट त्यांच्यापुढे धरायला सांगितलं.

आठ दिवसांनी अण्णा गेले.

आता दर वर्षी तो पाईप मीच बदलतो. काम आटोपलं की हात पुसून गाडीशेजारी बसतो. बायको आतून विचारते, "झालं का वं?"

मी म्हणतो, "थांब. अजून धा मिनिटं."