बुटका मोर

आमच्या घरात एका खेळाची वाट बघणं चाललंय, आणि वाट बघणारा माणूस एकसष्ट वर्षांचा हाय. माझा नवरा, शिवपुत्र. रोज सकाळी तोंड धुतलं की आधी विचारतात, "तारीख आली का गं?" लग्नाची न्हाय, दवाखान्याची न्हाय, कॉम्प्युटरच्या खेळाची तारीख! मी भाकरी थापता थापता म्हणते, "आली की. दारात उभी हाय, चहा टाकू का तिला?" ते नुसतं हसतात. त्यांना राग येत न्हाय कधी. दोघांचा मिळून जेवढा राग देवानं दिला तो सगळा माझ्याच वाट्याला आलाय.

मी श्रीदेवी. ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून सोलापुरात नवी पेठेतल्या दोन दुकानांना देते. आणि हे ग्राफवाले. म्हंजे होते. सोलापुरी चादरीवर मोर, कमळं, वेली दिसतात की न्हाय? ते आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. एकेक चौकट रंगवत जायचं. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढवतात, आणि मग मोर चादरीवर उतरतो. चाळीस वर्षं यांनी तेच केलं. यांचे मोर पांघरून कुटं कुटं किती माणसं झोपली असतील, शिवालाच ठाऊक. चादरीवर कारखान्याचं नाव असतं, ग्राफवाल्याचं नसतं. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि यांचे रंग, ब्रश सगळं डब्यात गेलं.

त्यानंतर डोळे. काचबिंदू. डावा डोळा गेल्याचं कळलंसुद्धा न्हाय, उजवा सगळं निभावून नेत होता. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही काका, आहे ती सांभाळायची." उजव्याला पण आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मधलं तेवढं दिसतं, बाजूचं काळं. ती नळी दर सहा महिन्याला थोडी बारीक होते. दिवसातून तीनदा थेंब घालते मी. आणि घालताना शिव्या पण घालते. डोळ्याला, यांना न्हाय.

आता तुमी म्हणाल, अशा माणसाला खेळ कशाला? तर आमची पोरगी महेश्वरी पुण्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीत काम करते. परदेशातले लोक खेळ काढतात, त्यातली घरं, भांडी, भिंती, अंथरुणं ही पोरं हितं बसून बनवतात. मागच्याच्या मागच्या दिवाळीला ती खेळाचं मशीन घेऊन आली. टीव्हीला लावलं, अप्पांच्या हातात रिमोट दिला. पडद्यावर एक घोडेस्वार, पुढं गवत, लांब डोंगर. अक्कलकोटच्या पलीकडं सहसा न गेलेला माणूस घोड्यावर बसला.

"तो डोंगर दिसतोय, तितं जाता येतं?" यांनी विचारलं.

"येतं अप्पा. कुठंही जाता येतं."

"आणि कोण अडवत न्हाय?"

"कुणी नाही."

चार दिवस दिवाळीचा फराळ तसाच, आणि हे डोंगरावर. राक्षस आला की पळून जायचे. तलवार एकदा उपसली न्हाय. महेश्वरी म्हणाली, "अप्पा, लढा की!" तर म्हणाले, "कशाला? त्याचं त्याचं काम चाललंय."

जाताना पोरगी हळूच म्हणाली, "अप्पा, मला एक मोराची चादर काढून द्या ना. ग्राफवर, तुमच्या पद्धतीनं. कामासाठी पाहिजे. कुठं जाणार ते विचारू नका, गुप्त ठेवायचं म्हणून सही करून दिलीय मी." आता एवढं न कळायला आमी काय कुक्कुली बाळं? एक नवा खेळ येणार, जादूचा, राजाराण्यांचा, मोठ्ठं मोकळं जग असलेला, त्याची बातमी तेव्हा सगळीकडं होती. इंग्रजी नाव हाय, माझ्या जिभेवर बसत न्हाय.

डब्यातले रंग बाहेर आले. भिंग लावून, कागदाला नाक टेकवून एकोणीस दिवस यांनी मोर काढला. मी ओरडायची, "डोळा हाय तेवढा हाय, तो कागदावर सांडू नका!" तर म्हणाले, "शेवटचाच हाय गं." आत जाऊन रडले मी. खोटं कशाला सांगू?

तेव्हापासून ही वाट बघणं. खेळ यायचा, घोड्यावर बसायचं, ती चादर असलेलं घर शोधायचं आणि तिच्यावरचा आपला मोर आपल्या डोळ्यानं बघायचा. एवढंच मागणं. सिद्धरामेश्वरापुढं उभे राहिले तरी तेच मागत असतील, मला पक्कं ठाऊक हाय. आणि त्या खेळवाल्यांनी तारीख पुढं ढकलली. एकदा ढकलली, परत ढकलली. काम बाकी हाय म्हणे! अहो, इकडं एका माणसाची नजर संपत आलीय, आणि तुमचं काम बाकी? मला इंग्रजी येत असतं तर मी फोन लावून चांगलं झाडलं असतं त्यांना.

मग गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी पोरीचा फोन आला. "अव्वा, खेळाची नवीन फिल्म आलीय. टीव्हीवर लाव. तिसऱ्या मिनिटाला अप्पांना नीट बघायला सांग. मी काही बोलले नाही हां."

मी फिल्म लावली. हे खुर्ची ओढून टीव्हीपुढं हातभर अंतरावर बसले. डोंगर, किल्ले, आग ओकणारं जनावर, सगळं झालं. तिसऱ्या मिनिटाला एक झोपडी, चूल, बाजेवर म्हातारी. म्हातारीच्या अंगावर चादर. मी पटकन थांबवलं. लाल चादरीवर पांढरा मोर!

"अय्यो शिवने, तुमचाच की हो!" मी ओरडलेच.

नळीतून बघतात ना, मान हळूहळू फिरवत सगळा मोर बघितला. तुऱ्यापासून पायापर्यंत. मग म्हणाले, "बंद कर."

"काय झालं?"

"बुटका हाय. कोंबडी दिसतीय."

मी नीट बघितलं. खरंच की. मान आखूड, पाय आखूड, पोट तेवढं सुटलेलं.

त्याचं असं हाय. चादरीत आडवा धागा जाड असतो. त्यामुळं कागदावरचं चित्र मागावर गेलं की उभं ताणलं जातं. म्हणून ग्राफवाला कागदावर मोर मुद्दाम बुटका काढतो. विणून बाहेर आला की बरोबर उंच, डौलदार होतो. चाळीस वर्षांची हाताची सवय. हातानं मोर काढला तो मागासाठी, आणि खेळात कुटला आलाय माग? पोरीनं कागद होता तसा चादरीवर ठेवला.

"सगळं जग बघणार," हे म्हणाले. "पोरीला बोलणी बसतील. कुण्या अडाण्याकडून काढून घेतला म्हणतील." त्या दिवशी जेवले न्हाईत. मी ताट पुढं केलं, दटावलं, "साकु, पुरे झालं आता, खा दोन घास," म्हटलं. ताट तसंच राहिलं. शेवटी मीच पोरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"महेश्वरी, चुकलो गं," हे म्हणाले. "तो मागासाठी काढला गेला. उभा ताणून घे. अजून वेळ हाय न्हवं?"

"ताणून बघितला होता मी, अप्पा."

"मग?"

"मग तो माझा मोर राहिना." पोरीचा आवाज ओला झाला. "उंच मोर सगळे बाजारात गेले, अप्पा. आपल्या घरात कधी एक तरी होता का? मी लहान असताना तुमच्याशेजारी कागदावरच झोपायची. मी बघितला तो बुटकाच. मला वाटायचं मोर असाच असतो. शाळेत पण तसाच काढायची, बाई हसायच्या. साहेबांनी विचारलं, असा का आहे हा? मी म्हटलं, आमच्याकडं असाच असतो. ते म्हणाले, मग असाच राहू दे."

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. मी पाणी वाया जातंय म्हणून ओरडले न्हाय. आल्यावर दोन भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणी मागून घेतली.

त्यानंतर आठ दिवसांनी दवाखान्यात गेलो. नळी आणखी बारीक झालीय. घरी येऊन यांनी जुना खेळ लावला तर घोडाच सापडेना. पडद्यावर कुटं हाय ते कळेना. दोनदा हातानं टीव्हीची काच चाचपली. मला बघवेना. मग यांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"तू शीक."

"मी? माझ्या हाताला पीठ हाय."

"धुऊन ये. खेळ येईस्तोवर मला दिसेल न दिसेल. तू मला त्या घरापर्यंत घेऊन जा. बघायचं तू, सांगायचं मला."

तेव्हापासून दुपारची भाकरी झाली की मी घोड्यावर बसते. हसू नका. ज्या नव्या खेळाला मी वर्षभर शिव्या दिल्या, त्याच्यासाठीच ही जुन्या खेळाची बटणं दाबत बसते. हे शेजारी डोळे मिटून बसतात आणि विचारतात, "काय दिसतंय?"

"गवत हाय. ज्वारी पोटरीला आल्यावर असते तेवढं."

"आणि आभाळ?"

"पांढरं. परातीत पीठ चाळल्यासारखं."

"डोंगर?"

"हाय की. तितंच हाय. जातंय कुटं?"

डोंगराच्या अलीकडं एक नदी लागते. तितं आले की माझा घोडा न चुकता बुडतो. रोज! मी घोड्याला बोलते, नदीला बोलते, हे पोट धरून हसतात. इतकं मनापासून हसताना मी यांना कितीक वर्षांत बघितलं न्हाय.

काल महेश्वरीचा परत फोन आला. आवाजावरूनच मी ओळखलं. तारीख परत पुढं गेली, आता पुढच्या वर्षी. यांना कसं सांगावं कळेना. थेंब घालायची वेळ झाली होती, म्हणून आधी डोळ्यात थेंब घातले आणि डोळे मिटलेले असतानाच सांगून टाकलं.

यांनी पडल्या पडल्या माझा हात चाचपत धरला आणि म्हणाले, "बरं झालं की. तुला अजून नदी कुटं पार करता येतीय?"