नमुन्याचा कॅन

पाणी खात्यात बदल्या दोन कारणांनी होत. कुणी काम करत नाही म्हणून, आणि कुणी जास्तच करतं म्हणून. तक्रारखिडकीमागच्या बाईंची बदली तिसऱ्याच कारणाने झाली होती. त्यांना नाही म्हणता येत नसे. "थोडे दिवस खिडकीवर बसाल ना?" असं साहेबांनी विचारलं, बाई "बरं" म्हणाल्या, आणि त्या थोड्या दिवसांत त्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली आणि कॉलेज संपवून नोकरीलाही लागली.

खिडकी म्हणजे ऑफिसच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये कोपऱ्यात उभी केलेली लाकडी खोली. खोली म्हणायचं ते एकाच कारणाने, की तिच्यात पंखा होता. समोर काच, काचेला हात जाईल एवढं भोक, खाली फळी. फळीच्या उजव्या टोकाला एक झडप होती, मोठ्या वस्तू आत घ्यायला. दार एकच, आणि तेही लोकांच्या बाजूला उघडणारं. ज्याने ते बनवलं त्याला बहुधा बाई आत ठेवायच्या होत्या, बाहेर काढायच्या नव्हत्या.

बाईंच्या पाठीमागे मांडणी होती आणि मांडणीवर बाटल्या. इथली रीतच तशी होती. नुसत्या तोंडी तक्रारीला कुणी विचारत नसे, पाण्याचा नमुना लागे. लोक सरबताच्या बाटलीतून, औषधाच्या बाटलीतून, तेलाच्या कॅनमधून घरचं पाणी घेऊन येत. एका आजोबांनी तर नातवाची दुधाची बाटली आणली होती, बुचासकट. बाई म्हणत, "उघडा बघू." मग वास घेत, चिठ्ठी चिकटवत आणि नमुना मांडणीवर ठेवत. मांडणी भरली की शिपाई सगळं मोरीत ओतून टाकी. नमुने तपासणारा माणूस कधीच रिटायर झाला होता आणि त्याच्या जागी दुसरा आला नव्हता. पण आपल्या पाण्याचा वास सरकारी माणसाने घेतला, एवढ्यावरही लोक निम्मे शांत होत.

उरलेले निम्मे "उद्या माणूस पाठवते" या वाक्याने शांत व्हायचे. हे वाक्य साहेबांनी शिकवलेलं. त्यात खोटं काही नाही, असं साहेबांचं म्हणणं. उद्या तर रोजच असतो.

तरीही जे शांत होत नसत ते म्हणत, "जाळून टाकीन हे ऑफिस!" जेवणाच्या सुट्टीच्या आत हे वाक्य बाईंच्या कानावर दोन-तीनदा तरी पडे. सुरुवातीला त्या स्टूल मागे सरकवायच्या. आता त्या तेवढ्या वेळात पेनाचं टोपण शोधून घेत.

घरी मात्र बाई भित्र्या म्हणून प्रसिद्ध होत्या. झुरळ दिसलं की पलंगावर, रस्ता ओलांडायचा तर अनोळखी माणसाचा कोपर धरून. त्यांचे यजमान जेवताना सांगत, "तुझ्या जागी मी असतो ना, एकेकाला सरळ केलं असतं." यजमानांनी उभ्या आयुष्यात वाण्याकडचा नासका बटाटासुद्धा परत केला नव्हता. मुलीने पहिल्या पगारातून आईला तिखटाचा फवारा आणून दिला. "डोळ्यांवर मारायचा आणि पळायचं, आई."

"पळू कुठे? दार त्यांच्याच बाजूला आहे."

"मग नुसता मार."

फवारा खणात गेला, स्टेपलरच्या शेजारी.

त्या दिवशी सकाळी रांग नेहमीसारखी दारापर्यंत होती. तेवढ्यात एक उंच माणूस तरातरा आत आला. इस्त्रीचा शर्ट, पण एक बटण भलत्याच काजात. हातात पिवळा कॅन. बाईंनी त्याला लगेच ओळखलं. मनातल्या मनात त्या त्याला 'थँक्यू' म्हणत, कारण त्यांनी "उद्या माणूस पाठवते" म्हटलं की जाताना तो न चुकता "थँक्यू मॅडम" म्हणायचा. खिडकीवर हा शब्द दुसरं कुणी वापरत नसे.

आज तो सरळ खिडकीशी येऊन ओरडला, "जाळून टाकीन! सगळं जाळून टाकीन!"

"ओ दादा," रांगेतली पहिली बाई कडेवरचं पोर सावरत म्हणाली, "रांग दिसत नाही का?"

"मी ऑफिस जाळायला आलोय!"

"मग आम्ही काय हवा खायला आलोय? व्हा मागे."

"सगळ्यांनाच घाई असते," काठीवर हनुवटी टेकून बसलेले आजोबा म्हणाले. "मी सकाळी आंघोळ न करता आलोय."

"नळाला पाणी नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"नसेल काय? म्हणूनच तर आलोय!"

थँक्यूने सगळ्यांकडे एकदा बघितलं. आणि मग, जन्मभर रांगेत उभं राहिलेल्या माणसाचे पाय जसे वळतील तसे त्याचे पाय वळले आणि तो शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्या माणसाने कॅनकडे वाकून वास घेतला. "तुमच्याकडेही असंच येतं का हो? आमच्याकडे परवा अगदी रॉकेलसारखं आलं होतं."

रांग सरकत होती. वास आधी शिपायाच्या नाकाला लागला. तो चहाचे कप गोळा करत रांगेच्या शेवटापर्यंत गेला होता. पिवळ्या कॅनशी थबकला, कप तिथेच बाकावर ठेवले आणि जिना चढून वर गेला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या, मागच्या लोखंडी जिन्यावर बरेच बूट वाजले, आणि मग वर अगदी शांत झालं. बाईंना वाटलं, मीटिंग असेल.

थँक्यूचा नंबर आला. त्याने कॅन फळीवर ठेवला. बाईंचं लक्ष चिठ्ठीला गोंद लावण्यात होतं.

"नमुना आणलाय का? उघडा बघू."

त्याने उघडला. सांगितलं म्हणून उघडला.

बाईंनी सवयीने नाक पुढे नेलं, आणि तिथेच थांबल्या. वर बघितलं. थँक्यूच्या दुसऱ्या हातात लायटर होता. मागे पोर कडेवर घेतलेली बाई पोराला झोपवत अजून तिथेच रेंगाळत होती, आजोबा बाकावर, आणि दाराला जाण्याचा रस्ता माणसांनी भरलेला. ओरडावं तर चेंगराचेंगरी. त्याआधी याचा अंगठा खाली. दार उघडून पळावं तर ते याच्याच गुडघ्यांवर आपटणार. फवाऱ्याची आठवण त्यांना झालीच नाही. आठवली ती एकच गोष्ट. आपल्याला आता काहीतरी बोलायचंय, आणि आपल्याला येतं ते एकच वाक्य.

ते त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा. "उद्या..."

"म्हणा," थँक्यू हळू आवाजात म्हणाला. "म्हणा ना, मॅडम. तेवढंच ऐकायला थांबलोय. ते म्हणालात की पेटवतो."

बाईंनी ओठ मिटले. घशाला कोरड पडली होती आणि पाठीमागे बाटल्या होत्या त्या सगळ्या गटाराच्या वासाच्या.

"घरी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बायको जिन्यावरून पडली. दोन्ही हातांत बादल्या. एक हात प्लॅस्टरमध्ये आहे. तिसरा मजला आहे आमचा, माहितीय तुम्हाला. किती वेळा सांगितलंय."

"माहितीय."

"काल तिने विचारलं, पाणी कधी येणार? मी म्हणालो, उद्या. माझ्या तोंडून आलं, मॅडम. तुमचं वाक्य."

बाईंनी गोंदाची बाटली बाजूला केली आणि भोकाशी तोंड नेलं. "तुमच्याकडे पाणी येणार नाही."

"काय?"

"येणार नाही. नवा रस्ता केला तेव्हा रोलरखाली तुमचा पाइप चेपला. काढायचा तर रस्ता खणावा लागेल. रस्तेवाले म्हणतात, नवा रस्ता खणायचा नाही. जुना झाला की खणा."

"आणि जुना कधी होणार?"

"तुमचं नशीब वाईट, चांगला झालाय."

थँक्यूच्या मागचा माणूस हसला आणि मग, आपल्या गल्लीतला रस्ताही नवाच आहे हे आठवून, गप्प बसला.

"मग माणूस? रोज उद्या पाठवत होतात तो?"

"माणूस नाहीये. होता, तो गेला रिटायर होऊन."

"मग म्हणत का होतात?"

"सांगितलंय तसं म्हणायला," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना शाळेतल्या मुलीसारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

थँक्यू काचेकडे बघत राहिला. "तुम्ही उद्या म्हणालात ना, की दर वेळी मी घरी जाऊन गच्चीवरची टाकी धुऊन ठेवायचो. पाणी आलं तर स्वच्छ टाकीत पडावं म्हणून."

"कशाने धुवायचात?"

"विकतच्या पाण्याने."

लायटरचा हात खाली आला होता, पण लायटर मुठीत होता. कॅनचं तोंड उघडंच होतं आणि वासाने बाईंचं डोकं भणभणायला लागलं होतं. शेवटी त्यांच्या तोंडून जे आलं ते ऑफिसातलं नव्हतं, घरच्या ओट्यापाशी रोज कुणाला ना कुणाला म्हणायचं ते होतं.

"झाकण लावा आधी. उघडं ठेवलं की उडून जातं."

संसारी माणूस होता. त्याने झाकण लावलं. वर एक जास्तीचा पीळ दिला. त्यासाठी दोन्ही हात लागतात, म्हणून लायटर खिशात टाकला.

"इकडे द्या," बाईंनी झडप उघडली. "नमुना जमा करायचा असतो."

"हा नमुना नाहीये, मॅडम."

"कॅन आणलात, मी वास घेतला. आता तो नमुनाच. द्या."

त्याने दिला. बाईंनी दोन्ही हातांनी आत ओढून घेतला, झडपेची कडी लावली आणि चिठ्ठी चिकटवून मांडणीवर ठेवला. चिठ्ठीवरचं अक्षर नंतर त्यांचं त्यांनाच वाचता आलं नाही.

"आता घरी जा. टाकी धुऊ नका."

थँक्यू निघाला. तीन पावलं जाऊन वळला आणि म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर." थँक्यू म्हणाला नाही.

"झालं का हो?" मागून आवाज आला. "सरका पुढे!"

तो गेल्यावर बाईंनी आणखी पाच-सहा नमुन्यांचे वास घेतले, पण नाकाला एकच वास येत होता. पोलीस आले ते मागच्या जिन्याने, साहेबांच्या पुढे. म्हणजे पोलीस पुढे आणि साहेब त्यांच्या पाठीशी. "कुठे आहे हल्लेखोर?" साहेबांनी विचारलं. बाईंनी मांडणीकडे बोट दाखवलं. मग मात्र पेनाचं टोपण त्यांना काही केल्या सापडेना.

पुढे रीतसर सगळं झालं. वेळेवर सगळ्यांना सावध केल्याबद्दल शिपायाचं कौतुक झालं. सगळ्यांमध्ये तळमजला येत नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंना वर बोलावून साहेबांनी तीन चुका सांगितल्या. पेट्रोल पाण्याचा नमुना म्हणून जमा करून घेतलं. नागरिकाला परवानगीशिवाय खरी परिस्थिती सांगितली. आणि तिसरी सर्वांत मोठी, ती रांगेतल्या इतरांनीही ऐकली.

"आता पोलिसांना त्याचं वर्णन द्या," साहेब म्हणाले. "पत्ता तुम्हाला माहीत असेलच. नीट सांगितलंत तर वरच्या मजल्यावर एक टेबल रिकामं आहे. खिडकी सुटेल तुमची."

वरच्या टेबलाला खिडकी होती, खरी, बाहेर झाड दिसणारी. आणि दार आतून बंद होणारं. बाईंनी त्या टेबलाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"रोज इतके लोक येतात, साहेब," त्या पोलिसाला म्हणाल्या. "चेहरे कुठे लक्षात राहतात?"

"इतका वेळ बोलत होतात त्याच्याशी."

"मी गोंद लावत होते."

एका दिवसात एकदा खरं बोलून झालं होतं. त्यांना तेवढं पुरे वाटलं.

घरी यजमान भाजी ढवळायची सोडून ऐकत राहिले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मी असतो ना..." आणि बाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तर वाक्य तिथेच राहिलं. मुलगी रडली, आणि मग चिडली. "फवारा का नाही मारलास?"

"काचेला इवलंसं भोक आहे गं. माझ्याच तोंडावर आला असता."

पुढच्या आठवड्यात खिडकीवर एक बाई आली. हात गळ्यात अडकवलेला, प्लॅस्टर पांढरंशुभ्र. नमुना आणला नव्हता. रांग मोडून पुढे आली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी अडवलं नाही.

"तुम्हीच ना? यांना खरं सांगणाऱ्या?"

"हो," बाई म्हणाल्या. आता ही आभार मानणार म्हणून त्या थोड्या अवघडल्या.

"काय गरज होती हो? इतके दिवस उद्या म्हणत होतात, मी धरून होते. आज नाही उद्या येईल म्हणून बादल्या उचलत होते. आता हे म्हणतात, पाणी येणारच नाही, मग इथे राहायचं कशाला? घर सोडलं यांनी. रविवारी सामान हलवायचंय."

"पाणी असलेलं घर मिळालं का?"

"चोवीस तास पाणी आहे."

"मग बरं झालं की."

"बरं?" तिने चांगला हात फळीवर आपटला. काच थरथरली. "नणंदेकडे जायचंय राहायला! कळतंय का तुम्हाला?"

रांगेतल्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. बाईंनाही नणंद होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मोठी की धाकटी?"

"मोठी."

बाईंनी उठून दार लोकांच्या बाजूला उघडलं, आणि तिला आत घेऊन स्वतःच्या स्टुलावर बसवलं.