बर्फातल्या म्हाताऱ्याचं मराठी

परदेशी म्हाताऱ्यांचे सिनेमे जमवणारा माणूस सोलापुरात मी एकटाच. सोलापुरात कशाला, टेंभुर्णीच्या पुढं पार पुण्यापर्यंत दुसरा सापडला तर मिशी उतरवीन. ज्या देशांची नावं पोस्टमनलाही ठाऊक नसतील, तिथले म्हातारे माझ्या हार्ड डिस्कमध्ये दाटीवाटीनं राहतात. एका सिनेमात आजोबा बुटाची नाडी बांधतात. ती बांधून होईपर्यंत माझी दाढी वाढली. पण त्यांची ती वाकलेली मान बघायला मी तो प्रसंग पुन्हा तीनदा लावला.

सिनेमे बायकोसोबत बघायचो. ती मैंदर्गीची, मराठी आणि कानडी दोन्हीत भांडणारी. पण पडद्याखालची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नसत. ती मी वाचून सांगायचो. आता सरळ सांगेन तर मी कसला!

"सुनेनं पुरणाचा घाट घातलाय."

"मग म्हातारी रडतीया कशाला?"

"कांदा चिरतीय."

"पुरणात कांदा? लई झालं की तुमचं! पोरगं सोडून गेलंय न्हवं तिला?"

दर वेळी पकडायची. अक्षर न वाचता, नुसत्या चेहऱ्यांवरून. तिनं पकडावं म्हणूनच तर मी थापा मारायचो.

गेल्या वर्षी ती गॅस चालू ठेवून विसरायला लागली, मग सख्ख्या बहिणीचं नाव. डॉक्टरांनी आजार सांगितला. मला तो आधीच माहीत होता, त्याचे सिनेमे माझ्याकडे ढिगानं होते. तरी मनाशी म्हणायचो, थापा पकडतीय तोवर ही शाबूत आहे.

या उन्हाळ्यात, भर दुपारी, बर्फातला एक सिनेमा लावला. दाराबाहेर एक म्हातारा एकटाच बसलेला. मी म्हणालो, "हा आपल्या कुंभारी गावचा. म्हशी विकून तिकडं गेलाय."

तिनं पकडलं नाही. मी थाप वाढवली.

"तिथल्या राजाला शेंगाची चटणी पोचवतो. विमानानं."

"व्हय?"

मी राजाला भाकरी थापायला बसवलं, म्हाताऱ्याला राजाचा जावई केला. तिनं सगळं मान हलवत ऐकून घेतलं. नजर त्या म्हाताऱ्यावरून हलेना.

"अहो," शेवटी ती म्हणाली, आणि मला केवढी आशा वाटली! "थंडीत बसलेत ते. आत बोलवा की."

सिनेमा थांबवला. उठून बाहेरचं दार उघडलं. उन्हाची झळ तोंडावर आली. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आले का?"

"आले," म्हणालो आणि दार लावून घेतलं.

तिनं चादर आवरून कॉटवर जागा केली. मी जाऊन तिथं बसलो.