शिरेचा फाटा

बाबा कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी चिलटांचा अभ्यास केला. अळंबीवर, बुरशीवर वाढणारी, तिळाएवढी चिलटं. आई म्हणायची, "लोक हाताने झटकून टाकतात, ती यांनी घरात आणून ठेवली."

रिटायर झाल्यावर परदेशातल्या एका अभ्यासकाने त्यांना जाती ओळखून द्यायला स्लाइडची पेटी पाठवली. तिच्यात जगापासून तुटलेल्या मोजक्या बेटांवरच सापडणारा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला चिलटांचा गट. ठाकुर्लीच्या घरात, गॅलरीतल्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडून बाबा तासन्‌तास बसायचे. "एवढा समुद्र ओलांडून ही तिथे पोचली कशी असतील गं?" मला विचारायचे.

वर्षभरात त्यांची नजर गेली. मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. मग दर रविवारी सासरचं आवरून मी कळव्याहून यायला लागले. मी बघून सांगायचं, ते विचार करून बोलायचे, मी लिहून घ्यायचं.

एका रविवारी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. शेवटची स्लाइड राहिली होती.

"पंखाच्या मधल्या शिरेला फाटा फुटतो का? नीट बघ."

मी डोळा लावला. सगळं धूसर. पुन्हा फोकस करत बसायचा कंटाळा आला.

"फुटतो."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. त्या फाट्यावरून त्यांनी ती वेगळी जात ठरवली. मीच ते टाइप करून त्या अभ्यासकाला पाठवलं.

महिन्याभराने आलेलं उत्तरही मीच वाचून दाखवलं. भाषा फार नम्र होती, पण अर्थ एवढाच की फाटा नाही, आणि जात जुनीच आहे.

बाबांनी चाचपत पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुझी चूक नाही गं. काय बघायचं ते मलाच नीट सांगता आलं नाही. शिकवायचं विसरलो मी."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा गरम करायला आत गेले.

पेटी त्यांनी परत पाठवायला लावली. रविवारी मी येतच राहिले, पण "जरा बघ गं" असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. पुढच्या श्रावणात ते गेले.

त्यानंतर एका दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "मग ते होते तेव्हा का नाही बोललीस?"

मी जुडीतल्या काड्या वेगळ्या करत राहिले.