त्रेसष्ट प्रांतांचा नकाशा

ठाण्यातून फुटून पालघर वेगळा जिल्हा होऊन वर्षं लोटली होती, कोळगावला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या थाटल्या होत्या, पण माझा हात जुनाच. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला असताना व्हिएतनामला जाणाऱ्या चाळीस ड्रमांवर मी सवयीने ‘जि. ठाणे’ लिहून टाकलं. आमच्या बेटेगावात निम्मे लोक आजही तेच लिहितात. पण साहेब घाटावरचे. त्यांनी सगळे लोडर गोळा केले आणि असे ओरडले, की वाणगावच्या वाड्यांतली मिरची झाडावरच वाळली.

“स्वतःचा जिल्हा कळत नाही आणि निघाला परदेशात माल पाठवायला!”

तेव्हापासून लोडरांची हाक एकच. “क्या ठाणेवाले, चाय पिओगे?” चहा पीत राहिलो. अपमान मात्र बोंबलासारखा सुकत घातला. जितका सुकला तितका घमघमला.

मग अख्खा व्हिएतनाम देश माझ्या मदतीला धावला. खास माझ्यासाठीच, दुसरं काय! त्रेसष्ट प्रांत आणि शहरं होती, ती एकमेकांत मिसळून चौतीस केली. वर मधला जिल्हा हा प्रकारच काढून टाकला. गिऱ्हाइकांचे नवे पत्ते मेलवर माझ्याकडे आले. लेबलं मी बिनबोभाट सुधारली, माल नीट पोचत राहिला. साहेबांपाशी चकार शब्द काढला नाही.

तिकडच्या गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्यातल्या बाई आमचा कारखाना बघायला येणार म्हटल्यावर साहेबांनी दाराएवढा नकाशा छापून आणला. उत्तर, मध्य, दक्षिण असे तीन रंग, त्यात त्रेसष्ट तुकडे. सगळ्यांनी बघावा म्हणून टांगला तोही लोडिंगच्या शेडमध्ये.

“साहेब, एकदा पडताळून बघायचा काय?” मी विचारलं. उत्तर काय येणार ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं.

“आता तू मला भूगोल शिकवणार?”

“नाय साहेब. आमी काय शिकवणार!”

बाई आल्या. साहेबांनी छडी टेकवली, “तुमचा कारखाना इथे, बिन्ह दुओंग प्रांतात.”

बाई हसल्या. “तो प्रांत आता राहिला नाही. आम्ही हो चि मिन्ह शहरात गेलो. पण तुमच्या ड्रमांवर तर बरोबर असतं! कोण लिहितं?”

सगळ्या लोडरांनी एकदम माझ्याकडे बोटं केली. बाईंनी पर्समधून मार्कर काढून माझ्या हातात दिला. नव्या सीमा मीच दाखवाव्यात म्हणे. शेडमधल्या पंख्याने नकाशा फडफडत होता, तेव्हा साहेबांनाच तो दोन्ही हातांनी ताणून धरावा लागला. मी एकेक जुनी रेघ खोडू लागलो. एकोणतीस प्रांत कमी करायचे होते, आणि मला कसलीही घाई नव्हती.

“आटप ना लवकर,” साहेब दातांतल्या दातांत पुटपुटले. मानेवरून घाम ओघळत होता.

“देशाचं काम हाय साहेब,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “हात जरा आणखी वर घ्या.”