डोळेमास्तरांनी न उघडलेले डोळे

घरच्या सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा ठरला की माणसं जशी वागतात तशी एरवी वागत नाहीत. सासू आपण होऊन सुनेच्या बटा सारखी करते. वर्षभर अबोला धरलेला भाऊ भावाची कॉलर सरळ करतो. ज्याला रोज कानामागचं धुवायला सांगून घसा सुकतो, तो पोरगा न सांगता मान घासून येतो. ठेवणीतले कपडे निघतात, आणि कुणाच्या तरी बुटाला नेमकी त्याच दिवशी नाडी नसते.

आणि इतकं सगळं करून ऐन वेळी काय होतं? दिवा लख्ख पेटतो आणि डोळे मिटतात. घर जितकं भरलेलं तितके मिटलेले डोळे जास्त. एकाचे उघडे यावेत तर दुसऱ्याचे मिटतात, अगदी बेडूक तराजूत तोलण्यासारखं. बाजाराच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता, त्याचा मालक हाताचा भारी आखडता. दुसरा फोटो घ्यायचं नाव काढत नसे. तो म्हणायचा, "मिटले तर मिटू द्या. आत मास्तर बसलेत, ते उघडतील."

आत म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. एक खिडकी, तिच्यापुढं उतरतं टेबल, टेबलावर भिंग, आणि भिंगावर ओणवे झालेले मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध चौथीपर्यंतच, पण साऱ्या गावाचे डोळे त्यांनी उघडले म्हणून लोक त्यांना डोळेमास्तर म्हणत. वाकून वाकून त्यांचा एक खांदा खाली आला होता. रस्त्यानं चालतानाही असं वाटायचं की हा माणूस कुणाच्या तरी चेहऱ्यावर वाकलाय.

काम नाजूक. फोटोतली मिटलेली पापणी आधी खरवडून पांढरी करायची. मग पातळ करड्या रंगाचा एक हात. मग काळं बुबुळ, मग वरच्या पापणीची बुबुळावर पडणारी सावली, आणि सगळ्यात शेवटी ब्लेडच्या टोकानं बुबुळावर एक टोचा. तेवढा कण पांढरा झाला की डोळ्यात उजेड यायचा. तोवर माणूस नुसता कागद असायचा.

गिरणीवाल्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती. त्याचा एक डोळा पिठाच्या गोणीकडं, तर दुसरा गिऱ्हाइकाकडं. फोटोत बिचाऱ्यानं दोन्ही मिटले. मास्तरांनी उघडले ते सरळच उघडले. फोटो घरी गेला तेव्हा गिरणीवाली म्हणाली, "माणूस देखणा आहे हो, पण माझा कुठंय?" तरी तिनं तो भिंतीला लावलाच.

दुसरी गोष्ट लोक जरा आवाज उतरवून सांगत. घड्याळवाल्याच्या म्हाताऱ्या बापानं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. श्वास थांबल्यावर त्याला घरच्यांनी न्हाऊ घातलं, नवा सदरा चढवला, खुर्चीत टेकवलं आणि स्टुडिओवाल्याला बोलावलं. डोळे अर्थातच मिटलेले. मास्तरांनी उघडले. म्हातारी फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पन्नास वर्षं संसार केला, ह्यांनी एकदाही असं बघितलं नाही माझ्याकडं."

बघतील कसे? ते डोळे म्हाताऱ्याचे नव्हतेच. मास्तरांच्या बायकोचे होते.

त्याचं असं झालं होतं. डोळा हवेतून काढता येत नाही, समोर कुणीतरी लागतं. मास्तरांची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि शिवणकामातली बटणं लावत खिडकीशी बसायची. मास्तर म्हणायचे, "जरा इकडं बघ."

"कुणासाठी?"

"म्हाताऱ्यासाठी."

"मेलेल्या म्हाताऱ्यासाठी बघू? नवऱ्यासाठी बघते, त्यातलं घ्या काय घ्यायचं ते." असं म्हणून ती बघायची. मास्तर काढायचे.

मुलगी झाली आणि मांडीवर बसायला लागली तेव्हा त्या तिघांचाही फोटो निघाला. बायकोनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मास्तरांच्या सदऱ्याला इस्त्री, पोरीच्या झबल्याला इस्त्री, स्वतःच्या केसांची तीनदा मोडतोड. पुतळ्यासारखी बसली. दिवा पेटला आणि तिनं डोळे मिटले.

मालक हसला. "काय मास्तर, घरचंच काम निघालं."

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गिऱ्हाइकांचे फोटो अडलेले असायचे, घरचा मागं राहायचा. ती टोमणा मारायची, "साऱ्या गावाचे डोळे उघडा तुम्ही. बायको झोपलेलीच बरी." मास्तर म्हणायचे, "या आठवड्यात नक्की." तो आठवडा यायच्या आत तिला ताप चढला आणि ती गेली. पोरीला अजून नीट चालताही येत नव्हतं.

कामावर परतल्यावर पहिला फोटो आला तो किराणावाल्याच्या कुटुंबाचा. त्यात किराणावालीचे डोळे मिटलेले. खिडकीशी आता कुणी नव्हतं. मास्तरांनी मान वर न करता हात चालू दिला. पापणी, बुबुळ, सावली. शेवटचा टोचा दिला आणि ब्लेड तसंच हातात राहिलं. किराणावालीच्या चेहऱ्यातून बायको बघत होती. पुसून टाकावं म्हणून त्यांनी ओला बोळा उचलला आणि परत ठेवला. स्वतःच्या हातानं पुन्हा मिटवायचे?

तेव्हापासून जे मिटलेले डोळे यायचे, त्यात तीच यायची. मास्तर बोलावत नव्हते, ती येत होती. गिऱ्हाइकं खूश. "फोटो कसा जिवंत वाटतो," म्हणायची. त्यांच्या भिंतीवर कोण जिवंत होतं, हे त्यांना कुठं ठाऊक.

घरच्या फोटोला मात्र मास्तरांनी हात लावला नाही. आणि एक नवी खोड लागली. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघायचे आणि फोटोकडं पाठ करून बसायचे. लोक म्हणायचे, "मास्तर, स्वतःचं काम बघायची लाज वाटते होय?" मास्तर हसायचे आणि चहा घशाखाली ढकलून उठायचे. मानेवर काहीतरी टेकल्यासारखं वाटायचं.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, स्टुडिओ बंद पडला, तिला मुलगी झाली. आई म्हणून तिला ठाऊक होती ती एवढीच: एक बाई, मांडीवर पोर, डोळे मिटलेले. लहानपणी तिनं विचारलं होतं, "आई मला घेऊन झोपलीय का?" मास्तर हो म्हणाले होते.

मग एक दिवस तिनं ठरवलं की घरच्या सगळ्यांचं एक चांगलं फोटोशूट करायचं. कपडे एका रंगाचे, केस नीट, फोटोवाला घरी येणार. जावई आरशापुढं पोट आत घेऊन श्वास कोंडायचा सराव करत होता. नात म्हणाली, "बाबा, बोलायचं असेल तर पोट सोडा."

मुलगी मास्तरांच्या शेजारी येऊन बसली. "बाबा, मधल्या खुर्चीवर आईचा फोटो ठेवायचाय. पण असा झोपलेला नको."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"साऱ्या गावाला डोळे दिलेत तुम्ही. मला आईनं एकदा तरी बघायला हवं. एवढंच मागते."

"माझा हात आता थरथरतो, बाळ."

"मग फोटोवाल्याला सांगते. तो म्हणतो, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत उघडून देतो."

"कुणाचे डोळे घालणार?"

"म्हणाला, त्याच्याकडं बरेच पडलेत."

मास्तर खुर्चीवरून उठलेच. "त्याला हात लावू देऊ नकोस. मी करतो."

कुंचला काढला, ब्लेड पुसलं. फोटोवर हात टाकण्याआधी साध्या कागदावर काढून पाहिलं. जे आले ते मुलीचे डोळे आले. पुन्हा काढले, तर नातीचे आले. ती काही येईना. ज्या हातानं आयुष्यभर न बोलावता तिला आणलं, त्याच हाताला आता ती सापडेना. म्हणजे आता ती गावातल्या भिंतींवरच राहिली होती. तिला बघायचं तर जन्मभर जिकडं पाठ केली तिकडं तोंड करावं लागणार होतं.

काठी घेऊन ते किराणावाल्याकडं गेले. म्हातारा किराणावाला म्हणाला, "तो फोटो होय? आत गोदामात आहे. चेहरे पार उडालेत हो, कोण कुठला कळत नाही."

पोत्यांमागं फोटो होता. खरंच चेहरे उडाले होते. कपडे पिवळे, गाल पिवळे, नाक नुसतं अंदाजानं. पण हातानं भरलेला रंग उडत नाही. मास्तरांनी घातलेले डोळे काल घातल्यासारखे काळेभोर. त्या पिवळ्या धुक्यातून दोनच डोळे बघत होते. रडून कोरडे झालेले.

मग गिरणीवाल्याकडं. चेहरा असाच उडालेला, पण इथली नजर धास्तावलेली. मास्तरांना तो दिवस आठवला. त्या आठवड्यात पोरीला गोवर निघाला होता आणि ते तिला शेजारणीजवळ ठेवून कामावर आले होते. न्हाव्याच्या दुकानात त्याच्या आईबापांचा फोटो होता. आरशासमोरच्या भिंतीवर, म्हणजे आरशातही तेच डोळे. ते रागावलेले. त्या दिवशी सकाळी दूध सांडलं म्हणून मास्तरांनी पोरीला थप्पड मारली होती.

न्हावी म्हणाला, "काय मास्तर, दाढी करायची का?"

"नको," मास्तर म्हणाले. "बोलणी खाल्ली तेवढी पुरे."

न्हाव्याला वाटलं, म्हाताऱ्याचं चळलं.

आता मास्तरांना कळलं. ती गेल्यावर त्यांनी तिचे डोळे कधी काढलेच नव्हते. त्या त्या दिवशी ती त्यांच्याकडं कशी बघत असती, तेवढं हातातून उतरलं होतं. जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाई संसार करत होती, लोकांच्या भिंतींवरून. धास्तावत होती, रागावत होती, पोरीच्या लग्नाच्या सुमारास शिंप्याच्या घरच्या, वाटेत पाहिलेल्या फोटोत हसलीही होती. आणि आपण पाठ करून चहा पीत बसलो. यातले कोणते डोळे त्या एका फोटोत घालायचे?

घरी येऊन त्यांनी मुलीला चप्पल घालायला सांगितलं. "चल माझ्याबरोबर. काही विचारू नकोस."

घड्याळवाल्याच्या घरात आता त्याचा नातू राहत होता. दारावरच म्हाताऱ्याचा फोटो. तिथं ऊन येतं म्हणून चेहरा असा उडाला होता की नुसता कागद राहावा. फक्त डोळे. मास्तरांनी तिला समोर उभी केली.

"हे ती समोर बसली असताना काढलेत. किराणावाल्याकडचे, न्हाव्याकडचे ती गेल्यावरचे. सगळ्यांकडं नेतो तुला. हे तिचेच आहेत."

मुलगी बघत राहिली. तिचा हात आपोआप केसांकडं गेला आणि तिनं बट कानामागं सारली, फोटो काढून घेताना सारतात तशी. मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडं बघतेय ती, बाबा."

"तेव्हा तिच्यासमोर मी होतो. आता तू आहेस." मास्तर बाजूला सरकले. "न्हाव्याकडचे बघशील तेव्हा मला बोल लाव. तुझ्या बाजूनं भांडतेय ती तिथं."

मग दोघं घरी परतली. दाराशी आल्यावर म्हणाली, "घरचाच फोटो का नाही उघडलात?"

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. "गावात जाईन तिथं ती बघते. या एका ठिकाणी बघत नाही. इथं मला झोप लागते, बाळ."

फोटोशूट झालं. सगळे उजळले, न्हाले, दाटीवाटीनं बसले. जावयानं पोट आत घेतलं. मधल्या खुर्चीवर आईचा फोटो होता तसाच ठेवला. फोटोवाला डोळा किलकिला करून म्हणाला, "आजींचे डोळे मिटलेत. मागाहून उघडू का?"

मुलगी म्हणाली, "राहू द्या. थोडी पडू दे तिला."

मास्तरांच्या कॉलरचं एक टोक वर आलं होतं, ते तिनं खाली केलं. दिवा पेटला. मास्तरांचे डोळे उघडे आले.

आता तो नवा फोटो त्यांच्या खोलीत, पलंगासमोर आहे आणि मास्तर त्याच्याकडं तोंड करून बसतात. त्यांना झोप लागते. लागत नाही ती मुलीला. काही आणायचं नसलं तरी ती एक दिवसाआड किराणावाल्याकडं जाते, गोदामाच्या दाराशी उभी राहते. मग न्हाव्याच्या दुकानावरून येते, बाहेरूनच आरशात बघत. घरात आपल्या लेकीवर आवाज चढला असेल त्या दिवशी तो रस्ता टाळते.

परवा किराणावाल्याच्या सुनेनं विचारलंच, "ताई, सारखं सारखं काय बघता त्या उडालेल्या फोटोत?"

"आज कशी आहे ते."

"कशी आहे?"

मुलीनं पोत्याआड पुन्हा एकदा डोकावून पाहिलं आणि पिशवी उचलली. "आज काही बोलली नाही," म्हणाली. "पण मी पाठ फिरवेपर्यंत बघत होती."