न कुरकुरणारा पॉवर सप्लाय

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठा कचेरीतला सर्व्हर सांभाळायचे. कपाटाएवढं धूड, पण अकरा वर्षांत एकदाही बंद नाही. पंखा गेला की काढून दुसरा, डिस्क गेली की खाटकन ओढून नवी. पळत्या बैलाच्या खुराला पत्री ठोकावी तसं. तिकडे खिडकीवर बिलं फाटतच असायची.

"घरचा नळ मात्र दोन महिने गळतोय," ताई म्हणायची.

साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, "हे यंत्र आहे तोवर तुम्ही. ते पडलं की कंपनीकडून नवं येणार, माणसंही कंपनीचीच." दाजींना निवृत्तीला दोन वर्षं होती. सुटे भाग बाजारातून केव्हाच गेलेले. शेजारी त्याच जातीचं एक मेलेलं यंत्र होतं, त्याचे लचके तोडून हे जगवायचं. त्यातही आता एकच पॉवर सप्लाय शिल्लक होता.

चालू यंत्राला पॉवर सप्लाय दोन. एक काढला की दुसरा सगळा भार ओढतो, म्हणून तर बंद न करता बदलता येतो. डावा सारखा कुरकुरायचा, पिवळा दिवा लावायचा. दाजींनी तो चारदा बदलला. उजव्याचा दिवा कायम हिरवा. त्याला कुणी बोटही लावलं नाही.

एका सोमवारी मी डबा द्यायला गेलो, तर डावा पुन्हा पिवळा. दाजींनी तो ओढला. शिलकीतला अजून हातातच होता, तोच उजवा टिक् करून विझला. पंखे मंदावत गेले.

"काका, इथं रांग लागलीय!" खिडकीवरची बाई ओरडली. "झोपलं का तुमचं लेकरू?"

दाजींनी हातातला बसवला, बटण दाबलं. पंखे फिरले, पण डिस्का हलेनात. अकरा वर्षं गरगरणाऱ्या, एकदा थांबल्या त्या थांबल्याच. चारदा दाबून झालं.

"उजवा बदलायला हवा होता," दाजी म्हणाले.

"पण तो तर चांगला होता ना?" मी विचारलं.

"म्हणून तर बघितला नाही."

साहेब आले, रागावले नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी कंपनीला फोन लावला.

"कंपनीच्या माणसांना समजावून सांगायला थांबू का चार दिवस?" दाजींनी विचारलं.

"काय समजावणार? हे तर भंगारात जाणार."

दाजींनी मग डबा उघडला, पोटभर जेवले. "घरी मी सांगतो," मला म्हणाले. "तू तोंड उघडू नकोस."

सुटी सहाला व्हायची. तोवर ते तिथंच बसून राहिले.